५३० बेस-जोड्यांची उणीव: रबातमधील किशोरांच्या हिरड्यांचे प्रकरण

हिरड्यांचा आजार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पन्नाशी ओलांडलेला माणूस येतो. दातांवर किटणाचे थर, घासताना येणारे रक्त, वर्षानुवर्षांची हेळसांड. दंतवैद्यकाला मात्र आणखी एक चित्र ठाऊक आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल, दात बऱ्यापैकी स्वच्छ, कीड नाही, हिरडी वरून पाहिली तर जेमतेम लालसर. तरीही पहिली दाढ हलते आहे. क्ष-किरण चित्र काढले की तिच्या मुळालगतचे हाड खोलवर खचलेले दिसते. पटाशीच्या दातांपाशीही तेच. मधले सुळे आणि उपदाढा मात्र धडधाकट. दातांवर साचलेला थर आणि झालेले नुकसान यांचा मेळच बसत नाही.

उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत हे चित्र जगाच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आढळते. मोरोक्कोची राजधानी रबात इथल्या सरकारी शाळांतील ७०० किशोरवयीन मुलामुलींचा एक पाठपुरावा-अभ्यास २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधील डोर्टे हॉबेक व मोगेन्स किलियन आणि मोरोक्कोतील ओम केल्तूम एनिबी यांचा त्यात मोठा वाटा होता. प्रस्तुत लेखात त्याच अभ्यासाचे प्रकरण मांडले आहे.

हेच प्रकरण निवडण्याचे कारण सरळ आहे. जीवाणूकडे असलेल्या एखाद्या रोगकारक घटकाने, म्हणजे ज्याच्या बळावर तो शरीराला इजा करतो किंवा शरीराच्या बचावातून निसटतो अशा साधनाने, माणसाच्या हिरडीत नेमका किती फरक पडतो, हे माणसांतच, काळाच्या ओघात दाखवणारे पुरावे फार थोडे आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मारणारी विषे शेकड्यांनी सापडतात. तोंडात तेच विष हाड घालवते का, हा प्रश्न वेगळा आणि कितीतरी अवघड आहे. रबातच्या मुलांनी त्या प्रश्नाला मिळवून दिलेले उत्तर मला या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम उत्तरांपैकी एक वाटते.

आधीपासून संशयित असलेला जीवाणू

या प्रकरणातल्या जीवाणूचे नाव ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. दंतवैद्य त्याला ‘ए.ए.’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. त्याचे पहिले वर्णन १९१२ मध्ये क्लिंगर यांनी केले. तेव्हा तो ॲक्टिनोमायसीस या दुसऱ्या जीवाणूच्या संसर्गात सोबतीला सापडला होता आणि त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे बराच काळ त्याची गणना ॲक्टिनोबॅसिलस या कुळात होत असे, सध्याचे कुळनाव २००६ मधले. आखूड दांडीच्या आकाराचा, कार्बन डायऑक्साइड भरपूर असलेल्या हवेत चांगला वाढणारा हा जीवाणू क्वचित रक्तात उतरून हृदयाच्या झडपांनाही संसर्ग करतो.

१९७० च्या दशकात लहान वयात हाड गमावलेल्या रुग्णांच्या हिरड्यांच्या खोबणीत हा जीवाणू वारंवार सापडू लागला. १९७९ मध्ये लक्षात आले की त्याचा अर्क माणसाच्या न्युट्रोफिल पेशींना, म्हणजे संसर्गाच्या जागी सर्वांत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मारतो. त्या विषाला ल्युकोटॉक्सिन म्हणतात. इथवर गोष्ट सरळ वाटते. अडचण अशी की ए.ए. हिरड्या उत्तम असलेल्या असंख्य लोकांच्या तोंडातही राहतो. बहुतेकांना काहीच होत नाही. मग तो गुन्हेगार आहे, की आजारी खोबणीत आयती जागा मिळाली म्हणून येऊन बसलेला पाहुणा? यावर बरीच वर्षे वाद चालला आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे होते.

उत्तराचा धागा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका आठ वर्षांच्या आफ्रिकी-अमेरिकी मुलाच्या तोंडातून मिळालेल्या वाणात, म्हणजे ए.ए. च्याच एका उपप्रकारात, होता. त्या वाणाला ‘जेपी२’ हे नाव पडले. तो इतर ए.ए. वाणांपेक्षा कितीतरी जास्त ल्युकोटॉक्सिन तयार करी. १९९४ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले. ल्युकोटॉक्सिनच्या जनुकांच्या अगदी आधी एक नियंत्रक भाग असतो, ज्याला प्रमोटर म्हणतात. जेपी२ मध्ये त्या भागातल्या ५३० बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या मजकुरातली जणू ५३० अक्षरे, गळाल्या होत्या. विष घडवणारे जनुक तेच, कारखाना तोच. फक्त उत्पादन आवरून धरणारा तुकडा नाहीसा झाला आणि विषाचे प्रमाण सुमारे दहा ते वीस पटींनी वाढले.

या जीवाणूचा पूर्ण जनुकसंच सुमारे २१ लाख बेस-जोड्यांचा आहे. त्यातल्या ५३० म्हणजे साधारण चार हजार भागांतला एक भाग. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ओळख-चाचणीला दोन्ही वाण सारखेच दिसतात, अहवालात दोघांचे नावही एकच येते.

७०० मुले, दोन वर्षे

रबातच्या संशोधकांना हे सगळे माहीत होते. मोरोक्कोतील शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. लहान वयातला हिरड्यांचा आजार आणि जेपी२ यांचा घट्ट संबंध त्यात दिसला होता, कमी विषारी वाणांशी मात्र तसा संबंध दिसला नव्हता. तो अभ्यास एका वेळची पाहणी होता. मुलाचे तोंड आणि जीवाणू दोन्ही एकाच दिवशी तपासले, तर आधी जीवाणू आला की आधी आजार, हे सांगता येत नाही. खोल झालेल्या खोबणीत प्राणवायू कमी असतो, रक्तद्रव झिरपत असतो, तिथे कुणी जीवाणू मागाहूनही येऊन वाढू शकतो. ‘पाहुणा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा एका वेळच्या पाहणीने खोडता येत नाही.

म्हणून नव्या अभ्यासात काळाची दिशा राखली गेली. सुरुवातीला मुलांच्या दातांवरच्या थराचे नमुने घेऊन पीसीआर चाचणीने, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखण्याच्या पद्धतीने, तीन गोष्टी पाहिल्या: ए.ए. आहे का, असल्यास जेपी२ आहे का, की दोन्ही प्रकार सोबत आहेत. ही चाचणी साधी आणि सुरेख आहे. गळालेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना बसणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे खूण-तुकडे, वापरून मधला तुकडा वाढवायचा. जेपी२ असेल तर तो तुकडा बरोबर ५३० जोड्यांनी आखूड येतो आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर वेगळा पट्टा दिसतो. विष मोजत बसावे लागत नाही, विषाचे प्रमाण ठरवणारी जागाच थेट वाचता येते.

मग ज्यांच्या हिरड्या सुरुवातीला निरोगी होत्या, अशा मुलांना दोन वर्षांनी पुन्हा बोलावले. ४२८ जण परत आले. या वेळी पाहायचे होते ते जोडाचे नुकसान, म्हणजे हिरडी आणि दाताचे मूळ यांना बांधून ठेवणारा तंतूंचा जोड किती मिलिमीटर खाली सरकला. ते मोजण्यासाठी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवतात. वरून न दिसणारा आजार पकडण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे.

निकाल असे होते. ज्यांच्या तोंडात ए.ए. मुळीच नव्हता त्यांच्या तुलनेत, फक्त जेपी२ बाळगणाऱ्या मुलांमध्ये आजार सुरू होण्याचा धोका १८ पट होता. जेपी२ आणि इतर वाण दोन्ही असलेल्यांत तो १२.४ पट, आणि फक्त कमी विषारी वाण असलेल्यांत ३ पट. दोन वर्षांपूर्वी या सर्वांच्या हिरड्या निरोगी होत्या.

या तीन आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. वर्तमानपत्री मथळ्यात फक्त १८ चा आकडा जाईल, पण प्रकरणाचा गाभा १८ आणि ३ यांच्यातल्या अंतरात आहे. ए.ए. असणे ही एकच गोष्ट धोक्याची असती, तर दोन्ही गटांत साधारण सारखा धोका दिसला असता. जीवाणूची जात तीच, चिकटण्याच्या सोयी बऱ्याचशा त्याच, राहण्याची जागाही तीच. ठळक फरक होता तो विषाच्या मात्रेचा. एरवी रोगकारक घटकाचे महत्त्व दाखवायला प्रयोगशाळेत ते जनुक मुद्दाम बदलून दोन वाणांची तुलना करावी लागते. इथे तोच प्रयोग निसर्गाने कधीकाळी करून ठेवला होता आणि त्याचे परिणाम मुलांच्या तोंडात दिसत होते.

आकड्यांच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. १८ च्या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची बरीच खात्री आहे तो टप्पा, ७.८ ते ४१.२ इतकी रुंद आहे. खरा धोका आठपट असेल किंवा चाळीसपट, एवढ्या गटावरून ते बारकाईने सांगता येत नाही. एवढे नक्की की तो एकपटीच्या आसपास नाही. १२.४ ची मर्यादा ५.२ ते २९.९ आहे. ती १८ च्या आकड्याच्या मर्यादेत बरीचशी मिसळते, म्हणून ‘दुसरा वाण सोबत असला की जेपी२ सौम्य होतो’ असा निष्कर्ष यातून काढू नये. तो मोह अनेकांना होतो. कमी विषारी वाणांच्या ३ पटीची मर्यादा १.३ ते ७.१ आहे, म्हणजे हे वाणही पूर्ण निरुपद्रवी नाहीत. नोंदवलेल्या ७०० मुलांपैकी बऱ्याच जणांची दुसरी तपासणी या हिशेबात आलेली नाही, आणि दूर राहिलेल्यांत आजाराचे प्रमाण वेगळे असू शकते. पण त्यामुळे गटागटांतला इतका मोठा फरक पुसला जाईल असे मला वाटत नाही.

पुढे घानामधील किशोरांच्या पाठपुराव्यातही निष्कर्ष त्याच दिशेने गेले.

विष नेमके काय करते

ल्युकोटॉक्सिन हे सुमारे ११६ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन. ते आरटीएक्स या विषांच्या मोठ्या कुटुंबातले आहे. कॅल्शियम धरून ठेवणारे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे ही या कुटुंबाची खूण. चार जनुके एकापाठोपाठ एक बसलेली असतात: एक विषाचे प्रथिन घडवते, एक त्याला मेदाम्ल जोडून कार्यक्षम करते आणि उरलेली दोन ते पेशीबाहेर नेणारी यंत्रणा पुरवतात. गळालेल्या ५३० जोड्या या चौघांच्याही आधी होत्या, त्यामुळे परिणाम संपूर्ण संचावर झाला.

या विषाची निवड फार नेमकी आहे. ते हवी ती पेशी फोडत नाही. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एलएफए-१ नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचे रेणू पकडणारे प्रथिन, असतो, त्याला ते चिकटते. हाच ग्राही पांढऱ्या पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून ऊतींमध्ये उतरायला मदत करतो. हल्ल्याच्या ठिकाणी पोचण्यासाठी पेशीने जो ग्राही वापरायचा, तोच विषाने आपले दार केला आहे. आणखी एक गोष्ट: विषाचा हा नेम मुख्यतः माणसाच्या आणि काही माकड-वानरांच्या पेशींवर लागतो. त्यामुळे उंदरांवरचे प्रयोग इथे फारसे कामाला येत नाहीत, आणि रबातसारख्या माणसांवरच्या अभ्यासाचे मोल त्या प्रमाणात वाढते.

हिरडीच्या फटीत काय घडते ते आता जुळवून पाहता येते. निरोगी तोंडातही त्या फटीत न्युट्रोफिल पेशींचा अखंड ओघ चालू असतो. दातावरचा जीवाणूंचा थर आणि हिरडीचे अस्तर यांच्या मधोमध त्या पहारा देतात. विषाची मात्रा कमी असेल तर काही पेशी मरतात, नव्या येतात आणि पहारा टिकतो. मात्रा दहा-वीस पट झाली की पेशी येताक्षणी फुटू लागतात. फुटताना त्यांच्या पोटातली विकरे बाहेर सांडतात. इलास्टेज आणि कोलॅजन तोडणारी विकरे जीवाणूंसाठी राखलेली असतात, ती आता हिरडीच्याच तंतूंवर चालतात. जीवाणू वाचतात आणि नुकसान होते ते जोडाचे.

हाडापर्यंतचा दुवा मॅक्रोफेज या जीवाणू गिळणाऱ्या दुसऱ्या बचाव-पेशींतून जातो. ल्युकोटॉक्सिनचा मारा झाला की या पेशींमध्ये कॅस्पेज-१ हे विकर जागे होते आणि पेशी मरता मरता इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे संदेश-प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडते. हा संदेश हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवतो. हाड जीवाणू खात नाही, हाड आपल्याच पेशी काढून टाकतात, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या प्रमाणात आलेल्या आदेशावरून. हिरड्यांच्या आजारात ‘जीवाणूमुळे हाड जाते’ हे वाक्य आपण सर्रास वापरतो. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा असा लांबच्या साखळीतला असतो आणि जेपी२ च्या बाबतीत या साखळीच्या बऱ्याच कड्या आज हाताशी आहेत.

पांढऱ्या पेशींचा पहारा किती महत्त्वाचा, याची साक्ष एका अगदी वेगळ्या ठिकाणाहून मिळते. काही मुलांत एलएफए-१ चाच एक घटक असलेले सीडी१८ हे प्रथिन जन्मतः सदोष असते. त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तातच अडकून राहतात. अशा मुलांना अगदी लहान वयात हिरड्यांचा तीव्र आजार होतो. एका ठिकाणी ग्राही जन्मतः बिघडलेला, दुसऱ्या ठिकाणी ग्राही ठीक पण त्याच दाराने विष आत शिरते. दोन्हीकडे हिरडीचा जोड जातो.

मग पहिल्या दाढा आणि पटाशीचे दातच का? सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे: कायमच्या दातांपैकी हे सर्वांत आधी, सहाव्या ते आठव्या वर्षांच्या सुमारास येतात. जीवाणू त्यांच्यावर आधी बस्तान बसवतो. पुढच्या काही वर्षांत शरीर ल्युकोटॉक्सिनला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये बनवू लागते आणि नंतर येणारे दात त्या संरक्षणाखाली येतात. आजार अनेकदा ठरावीक दातांपुरता थांबतो, त्याची संगतीही यातून लागते. हे अजून गृहीतक आहे. तरी ते मला बळकट वाटते, कारण दातांचा क्रम आणि आजाराचा नकाशा एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात.

अनपेक्षित ठिकाणी पोचलेली एक वाट जाता जाता सांगतो. पांढऱ्या पेशी निवडून मारणारे हे विष रक्ताच्या कर्करोगात औषध म्हणून वापरता येईल का, यावरही संशोधन झाले आहे.

विषाखेरीजची साधने

ल्युकोटॉक्सिन एकटे काम करत नाही. तोंडात टिकायचे तर आधी चिकटावे लागते आणि ए.ए. त्यात तरबेज आहे. त्याच्या अंगावरचे बारीक तंतू त्याला दाताच्या पृष्ठभागावर घट्ट धरतात, इतर काही प्रथिने अस्तराच्या पेशींना पकडतात. तो पेशींच्या आतही शिरू शकतो, हा मुद्दा उपचारात पुन्हा येईल. शिवाय त्याच्याकडे ‘सायटोलीथल डिस्टेंडिंग टॉक्सिन’ नावाचे दुसरे विष आहे. ते पेशीच्या डीएनएला तडे पाडून तिचे विभाजन रोखते, त्यामुळे हिरडीच्या अस्तराची डागडुजी मंदावते. पण ही साधने कमी विषारी वाणांकडेही असतात. रबातच्या गटांतला फरक त्यांच्या आधाराने समजावता येत नाही.

या प्रकरणातून जे सिद्ध होत नाही

इथे सावध राहायला हवे. एक जीवाणू, एक विष, एक आजार अशी सुटसुटीत मांडणी वाचली की ती हिरड्यांच्या सगळ्या आजारांना लावून टाकावीशी वाटते. प्रौढांमधल्या नेहमीच्या पेरिओडॉन्टायटिसची, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात त्याची, गोष्ट अशी नाही.

दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० पुरुष कामगारांना १९७० पासून पंधरा वर्षे पाहिले. दात घासण्याची सवय जवळपास नाही, दंतोपचार नाहीत, सर्वांच्या दातांवर थर आणि किटण भरपूर. तरी सुमारे ८ टक्क्यांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरडी सुजण्यापलीकडे काहीच झाले नाही. थराचे प्रमाण सारखे असून तीन वेगळी भवितव्ये. यात यजमानाच्या शरीराचा, म्हणजे ज्या माणसात जीवाणू राहतो त्याच्या प्रतिसादाचा, वाटा मोठा आहे.

प्रौढांच्या आजारात सर्वांत अभ्यासलेला जीवाणू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याची मुख्य हत्यारे म्हणजे जिंजिपेन नावाची प्रथिने तोडणारी विकरे. तीही पांढऱ्या पेशींशी झुंजतात, पण रीत निराळी आहे. हा जीवाणू बचावयंत्रणेचे संदेश तोडतो-मोडतो, तिची धार बोथट करतो, पण दाह चालू ठेवतो, कारण दाहातून झिरपणाऱ्या प्रथिनांवर आणि लोहावर त्याचे पोट चालते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत तो एकूण जीवाणूंच्या ०.०१ टक्क्याहून कमी असूनही हाड गेले. मात्र उंदीर इतर जीवाणूंपासून पूर्ण मुक्त असले, तर हा एकटा आल्याने हाड गेले नाही. म्हणजे तिथे गुन्हा साऱ्या वस्तीचा, आणि पॉर्फिरोमोनास तिला बिघडवणारा.

जेपी२ चे वागणे बाहेरून आलेल्या संसर्गाच्या जास्त जवळ जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीच्या आधाराने दुसरी खोडू नये. हिरड्यांच्या आजारांचे वर्गीकरण ठरवणाऱ्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने ‘आक्रमक पेरिओडॉन्टायटिस’ हा, लहान वयातल्या झपाट्याच्या आजाराचा, वेगळा गट काढून टाकला आणि सर्व प्रकार टप्पे (नुकसान किती) आणि श्रेणी (वाढीची गती किती) यांत बसवले. दाढा आणि पटाशीच्या दातांपुरता आकृतिबंध मात्र तिथे वेगळा नोंदवण्याची सोय राखली आहे. ती सोय राखली हे फार बरे झाले, असे माझे मत आहे. तो आकृतिबंध दिसला की कारणाचा शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

क्लोनचा प्रवास, आणि वंशाबद्दल दोन शब्द

जेपी२ चे सर्व वाण जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ते एकाच पूर्वजाचे वंशज मानले जातात. त्यांच्यातल्या सूक्ष्म बदलांवरून २००७ मध्ये हॉबेक आणि सहकाऱ्यांनी अंदाज बांधला: हा क्लोन, म्हणजे एकाच पूर्वजापासूनचा हा वंश, सुमारे २,४०० वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या भूमध्य सागराकडच्या भागात उद्भवला, तिथून पश्चिम आफ्रिकेत गेला, आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर अटलांटिक ओलांडून अमेरिका खंडांत पोचला असावा. जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर त्यांच्या तोंडातला हा जीवाणूही गेला आणि कित्येक पिढ्यांनंतर अमेरिकेत एका आठ वर्षांच्या मुलाच्या हिरडीत सापडला. इतिहासाचा हा दुवा वाचताना मन सुन्न होते.

हा क्लोन प्रामुख्याने आफ्रिकी मूळ असलेल्या लोकांत आढळतो, आणि त्यांच्या शरीरात त्याला विशेष अनुकूलता असावी असाही विचार मांडला गेला आहे. मात्र त्यावरून वंशालाच आजाराचे कारण ठरवणे चुकीचे आहे. हा जीवाणू लाळेवाटे, घरातल्या जवळच्या सहवासातून, बहुधा आईवडिलांकडून मुलांकडे जातो. कुटुंबे ज्या समाजात राहतात, त्याच समाजात तो फिरत राहतो. २०११ मध्ये स्वीडनमधील एका गौरवर्णी कुटुंबातही जेपी२ सापडला. २०१५ मध्ये प्रमोटरच्या त्याच भागात ५३० ऐवजी ६४० जोड्या गळालेला दुसरा वाण नोंदवला गेला, तोही भरपूर विष बनवणारा. मुलाचे मूळ गाव विचारून चाचणी करायची की नाही हे ठरवणारा दंतवैद्य अशा रुग्णांना मुकेल.

अशा मुलासाठी काय करायचे

फक्त दातांची सफाई इथे बहुधा पुरत नाही. जीवाणू हिरडीच्या ऊतीत आणि पेशींच्या आत दडलेला असतो, मुळावरून थर खरवडला तरी तो तिथून परततो. उलट, फक्त प्रतिजैविके दिली तर दातावरच्या चिकट थरात ती पुरेशी शिरत नाहीत. म्हणून आधी मुळांची खोल सफाई, आणि तिच्याच जोडीला ॲमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडाझोल ही जोडी. ए.ए. विरुद्ध या जोडीचा उपयोग १९८९ मध्ये नोंदवला गेला आणि आजही या आकृतिबंधात तिचा आधार घेतला जातो. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायलाच हवे. आणि ही जोडी हिरड्या सुजलेल्या प्रत्येक रुग्णाला सरसकट देऊ नये. जिथे जीवाणू आणि आकृतिबंध दोन्ही सांगतात तिथेच ती द्यावी, नाहीतर प्रतिरोधी जीवाणू वाढवण्यापलीकडे काही साधत नाही.

प्रयोगशाळेला नमुना पाठवताना ‘ए.ए. आहे का’ एवढेच विचारणे अपुरे आहे. रबातच्या आकड्यांनी तीन पट आणि अठरा पट यांतला फरक दाखवल्यानंतर अहवालात प्रमोटरच्या तुकड्याची लांबीही मागायला हवी. उपचारानंतर काही महिन्यांनी तोच नमुना पुन्हा घ्यावा. सळईने मोजलेले आकडे सुधारले आणि जेपी२ मात्र शिल्लक राहिला, तर ते मूल अजून धोक्याबाहेर नाही.

राहते ते कुटुंब. जीवाणू घरातूनच आला असण्याची शक्यता मोठी असल्याने आईवडील आणि भावंडे यांच्याही हिरड्या तपासाव्यात. धाकट्या भावंडाच्या पहिल्या कायमच्या दाढा नुकत्याच आल्या असतील, तर सर्वांत आधी त्याला बोलवावे. हाड अजून जागेवर असण्याची शक्यता त्याच्याच तोंडात सर्वांत जास्त.